अलास्कात रेल्वेने: कोणता टप्पा गाडीने करावा आणि कोणता सोडावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही सिएटलला राहता. उन्हाळ्यात साताऱ्याहून सासू-सासरे येणार आहेत, बरोबर नऊ वर्षांची मुलगी आहे आणि हाताशी दहा दिवस आहेत. अलास्काचा किनारा आणि जंगल रेल्वेने पाहायचे आहे. सासऱ्यांचा गुडघा दुखतो, सासूबाई शाकाहारी आहेत. क्रूझ बरी की रेल्वे, अलास्का रेल्वेच्या गोल्डस्टार या वरच्या वर्गाचे महाग तिकीट घ्यावे का, आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या स्यूवर्डपासून उत्तरेला आतल्या फेअरबँक्सपर्यंत अख्खा मार्ग करावा का, असे तुम्ही विचारले आहे. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना अलास्काच्या सहली आखून देणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे, आणि ही रेल्वे माझ्या फार जिव्हाळ्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: अख्खा मार्ग करू नका. स्यूवर्ड ते फेअरबँक्स हा मुख्य मार्ग ४७० मैलांचा, म्हणजे सुमारे ७५६ किलोमीटरचा आहे. नुसत्या अँकरेज ते फेअरबँक्सलाच बारा तास लागतात. गुडघा दुखणाऱ्या माणसाला बारा तास एका खुर्चीत बसवले, तर दहाव्या तासाला बाहेर कितीही सुंदर नदी असो, त्यांचे लक्ष घड्याळाकडेच जाणार. अलास्का रेल्वेवर कुठे पैसे खर्चावेत याचा माझा एकच निकष आहे. रूळ जिथे मोटार-रस्त्यापासून दूर जातात, ते टप्पे रेल्वेने करायचेच. रस्ता आणि रूळ शेजारून धावतात तिथला टप्पा सुटला तरी हळहळ करायची नाही.

हे टप्पे का तयार झाले हे कळले की नकाशा वाचायला सोपा जातो. स्यूवर्ड हे हिवाळ्यातही न गोठणारे बंदर. तिथून आतल्या कोळशाच्या आणि सोन्याच्या मुलखापर्यंत रूळ न्यायचे, म्हणून १९०३ मध्ये एका खासगी कंपनीने स्यूवर्डहून काम सुरू केले. तिचे दिवाळे निघाले, तिच्यानंतरच्या कंपनीचेही धड चालले नाही. शेवटी १९१४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून हे काम सरकारच्या गळ्यात घातले. १९१५ मध्ये शिप क्रीकच्या काठी रेल्वे कामगारांच्या तंबूंची वस्ती पडली, तेच आजचे अँकरेज. १५ जुलै १९२३ रोजी राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी नेनाना इथे सोन्याचा खिळा ठोकून मार्ग पुरा झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत ते वारले. पुढे १९८५ मध्ये अलास्का राज्याने ही रेल्वे केंद्र सरकारकडून विकत घेतली, आणि आजही ती राज्याच्या मालकीची आहे.

रेल्वेला चढ फार झेपत नाही, म्हणून त्या इंजिनिअरांनी नद्यांची खोरी धरली. मोटारीचे रस्ते कितीतरी नंतर आले. स्यूवर्डचा महामार्ग १९५१ मधला आणि फेअरबँक्सकडे जाणारा पार्क्स महामार्ग तर १९७१ मधला. मोटारीला चढ चालतो, त्यामुळे रस्ते बांधणाऱ्यांनी काही ठिकाणी वेगळ्याच खिंडी निवडल्या. दोन्ही वाटा जिथे फुटल्या, तिथे आजही वस्ती नाही, पेट्रोल पंप नाही. आहेत ते फक्त रूळ. असे दोन मोठे टप्पे आहेत: दक्षिणेला पोर्टेज ते मूस पास आणि उत्तरेला टॉकीटना ते हरिकेन. तुमची सहल या दोन टप्प्यांभोवती बांधायची.

क्रूझचा विचार करत असाल तर एक गोष्ट आधी तपासा. सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या क्रूझ साधारणपणे केचिकन, जुनो, स्कॅगवे अशा आग्नेय अलास्कातल्या बंदरांना जातात. मी सांगते आहे तो मुलूख त्यांच्या वाटेत येतच नाही. स्कॅगवेहून व्हाइट पासकडे जाणारी १९०० साली पुरी झालेली छोटी नॅरोगेज रेल्वे सुंदर आहे, पण तिचा या मार्गाशी काही संबंध नाही. शिवाय या क्रूझ बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, दुसऱ्या काही तर कॅनडातल्याच व्हँकूव्हरहून सुटतात, आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या सासू-सासऱ्यांना त्यासाठी कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो. विमानाने सिएटलहून अँकरेजला गेलात तर साडेतीन तासांत पोचाल आणि हा प्रश्नच येणार नाही. तुमच्या घराला रेल्वेच बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पहिला टप्पा. कोस्टल क्लासिक ही गाडी अँकरेजहून सकाळी पावणेसातच्या सुमारास सुटते आणि अकरा वाजून गेल्यावर स्यूवर्डला पोचते. जाताना उजवीकडची जागा मागा. शहर सुटले की उजव्या हाताला टर्नअगेन आर्मची खाडी लागते आणि पोर्टेजपर्यंत साथ देते. मुंबईच्या मोठ्या उधाणाला पाणी जेमतेम पाच मीटर चढते, इथे ते त्याच्या जवळजवळ दुप्पट चढते आणि उतरते. ओहोटीला मैलोन्‌मैल राखाडी चिखल उघडा पडतो. तो वरून घट्ट दिसतो, पण पाय रुतला की सुटत नाही आणि भरती वेगाने येते. अँकरेजमध्ये फिरतानाही मुलीला त्या चिखलावर उतरू देऊ नका. मोठ्या भरतीच्या सुरुवातीला खाडीच्या तोंडाकडून पाण्याची एकच लाट भिंतीसारखी आत सरकत येते. ती दिसणे गाडीच्या आणि भरतीच्या वेळा जुळण्यावर अवलंबून आहे, तेव्हा निघण्याआधी भरतीचे कोष्टक पाहून ठेवा. डाव्या हाताच्या कड्यांवर पांढरे ठिपके दिसले तर ती डॉल जातीची रानमेंढरे असतात. पाण्यात पांढऱ्या पाठी वर येताना दिसल्या तर बेलुगा देवमासे. या खाडीतले बेलुगा आता तीनशेच्या आसपासच उरले आहेत आणि २००८ पासून त्यांना संकटग्रस्त म्हणून संरक्षण आहे. सॅमनच्या मागे ते खाडीत शिरतात, त्यामुळे जुलैच्या उत्तरार्धापासून पुढे ते दिसण्याची आशा जास्त.

पोर्टेजजवळ करड्या, निष्पर्ण खोडांचे रान लागते. २७ मार्च १९६४ च्या संध्याकाळी इथे ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जमीन साडेचार मिनिटांच्या आसपास हलत होती. यंत्रांनी नोंदलेल्या भूकंपांत जगात यापेक्षा मोठा एकच आहे. पोर्टेजची जमीन जवळजवळ दोन-अडीच मीटर खचली, खाडीचे खारे पाणी आत शिरले आणि स्प्रूसची झाडे मुळांतून खारट पाणी पिऊन उभ्या जागी मेली. त्यांपैकी कितीतरी अजून उभी आहेत. पोर्टेज गाव मात्र ओस पडले. सासऱ्यांना भूगोलाची आवड असेल तर ही जागा त्यांना आधी सांगून ठेवा, कारण गाडी तिथून चटकन पुढे जाते.

पोर्टेजनंतर महामार्ग उजवीकडे टर्नअगेन खिंडीत चढतो आणि गाडी प्लेसर नदीच्या खोऱ्यात शिरते. इथून डावी बाजू धरायची. स्पेन्सर हिमनदी आधी दुरून निळसर दिसते, मग जवळ येत जाते. नंतर घळीतून चढ सुरू होतो, पाठोपाठ बोगदे येतात, गाडी इतकी हळू होते की धबधब्याचा आवाज काचेतून ऐकू येतो. बार्टलेट आणि ट्रेल या हिमनद्या खिडकीसमोर लटकलेल्या दिसतात. मोबाइलची रेंज गेलेली असते, हेही एक सुखच. ग्रँडव्ह्यूचा माथा ओलांडून गाडी मूस पासकडे उतरते, तेव्हा रस्ता पुन्हा भेटतो आणि उजवीकडे केनाई सरोवराचे हिरवट पाणी सुरू होते. तासाभराचा हा रस्ताविरहित टप्पा मला सबंध रेल्वेमार्गावर सर्वांत प्रिय आहे. मोटारीने स्यूवर्डला जाऊन आलेली माणसे याला मुकतात आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते.

याच टप्प्यातले स्पेन्सर स्थानक ग्लेशियर डिस्कव्हरी या दुसऱ्या गाडीने करता येते. तिथे मोटार-रस्ता नाहीच, गाडीनेच उतरायचे आणि गाडीनेच परतायचे. हिमनदीच्या तलावात हिमखंड तरंगत असतात. मुलगी खूश होईल, पण तलावाच्या काठापर्यंतची चाल सासऱ्यांच्या गुडघ्याला सोसणार नाही. तुमच्या कार्यक्रमात मी हे धरलेले नाही. वेळ उरला आणि तुम्ही दोघी मायलेकीच जाणार असाल, तर त्या वर्षीच्या वेळापत्रकात गाडी तिथे थांबते का ते बघून ठरवा.

बहुतेक लोक स्यूवर्ड एका दिवसात करतात: सकाळी गाडीने यायचे, साडेअकराच्या बोटीत बसायचे, संध्याकाळी सहाच्या गाडीने परत. जमते, पण ज्येष्ठांसाठी ही ओढाताण आहे. दोन मुक्काम करा. स्थानकापासून छोट्या बोटींचा धक्का चालत जाण्याइतका जवळ आहे, म्हणून मुक्काम त्या बाजूला शोधा. स्यूवर्डच्या पहिल्या दिवशी दुपारी अलास्का सी-लाइफ सेंटर पाहा. १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडून या किनाऱ्याचा सत्यानाश झाला, त्या नुकसानभरपाईच्या पैशातून बरेचसे उभे राहिलेले हे केंद्र १९९८ मध्ये उघडले. जखमी सागरी प्राण्यांची तिथे शुश्रूषा होते. काचेपलीकडे पोहणारे पफिन पक्षी आणि अजस्र स्टेलर समुद्रसिंह मुलीला अगदी जवळून दिसतील.

दुसरा दिवस बोटीचा. केनाई फ्योर्ड्‌स राष्ट्रीय उद्यानाची सहा तासांची फेरी आयालिक किंवा होल्गेट हिमनदीपर्यंत जाते. समुद्रात उतरलेल्या हिमनदीच्या तोंडाशी बोट इंजिन मंद करून थांबते. बर्फाचा कडा आधी कोसळताना दिसतो आणि आवाज मागून येतो. वाटेत सी-ऑटर, कुबड्या देवमासे, कधी ओर्काही दिसतात. पण रिझरेक्शन उपसागराबाहेर पडून भूशिराला वळसा घालताना बोट खुल्या समुद्रात येते आणि चांगली डोलते. कोणाला बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी द्या. घाटात गाडी लागणारी व्यक्ती घरात असेल, तर उपसागरातच फिरणारी चार तासांच्या आतली फेरी घ्या. तिच्यात हिमनदीचे तोंड दिसत नाही, प्राणी मात्र बऱ्यापैकी दिसतात. दुसरा पर्याय व्हिटियर या बंदराहून बोट घेण्याचा. तिथल्या प्रिन्स विल्यम साउंड या समुद्राच्या फाट्याचे पाणी बेटांच्या आडोशाला असल्यामुळे फार शांत असते आणि हिमनद्याही भरपूर. तिथे रेल्वे सुमारे चार किलोमीटरच्या एका बोगद्यातून जाते, आणि त्याच बोगद्यातून आळीपाळीने मोटारीही सोडतात. व्हिटियरचे बहुतेक रहिवासी एकाच उंच इमारतीत राहतात. गाव पाहायला कुतूहल वाटते, पण मुक्काम करण्यासारखे ते नाही. पाऊसही तिथे अखंड असतो.

तिसऱ्या दिवशी एक्झिट हिमनदी. स्यूवर्डहून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत पोचता येते, शटलही मिळतात. वाटेवर ठिकठिकाणी सालांच्या पाट्या आहेत: त्या साली हिमनदी इथपर्यंत होती. मोटारीत बसल्या बसल्या आधी एकोणिसाव्या शतकातल्या पाट्या मागे पडतात, मग विसाव्या, आणि बर्फ तरी समोर येत नाही. माझ्यासोबत आलेल्या कितीतरी आजी-आजोबांना हवामानबदल हा शब्द माहीत होता, पण त्यांनी त्यावर बोलायला सुरुवात केली ती या पाट्यांपाशी. ही हिमनदी वरच्या हार्डिंग हिमक्षेत्रातून उतरते. खिळा ठोकणाऱ्या त्याच हार्डिंग यांचे नाव. हिमक्षेत्रापर्यंतची पायवाट दिवसभराची आणि खड्या चढाची आहे, ती सोडा. खालची सपाट वाट सासऱ्यांना काठी घेऊन जमेल.

परतीची गाडी संध्याकाळी सहाला सुटून सव्वादहाच्या सुमारास अँकरेजला पोचते. लोक हिला रात्रीची गाडी समजून टाळतात. अहो, जूनच्या अखेरीस अँकरेजला सूर्य मावळतो रात्री साडेअकरानंतर! उतरते ऊन टर्नअगेनच्या चिखलावर आणि पलीकडच्या डोंगरांवर तिरपे पडते, आणि सकाळच्या ढगाळ खाडीचे रूपच पालटून जाते. दोन्ही वेळच्या प्रवासांत मला संध्याकाळचा जास्त आवडतो. मुलगी झोपेल, तेवढे गृहीत धरा.

पहिला दिवस विमानाचा आणि पुढचे तीन स्यूवर्डचे धरले, तर सहलीचा पाचवा दिवस अँकरेजमध्ये मोकळा ठेवा. कपडे धुवा, किराणा घ्या, शिप क्रीकवर सॅमन पकडणारे लोक पाहा. सलग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गाडीत बसवले की ज्येष्ठांचा उत्साह मावळतो.

उत्तरेकडची गाडी डेनाली स्टार. ती अँकरेजहून सव्वाआठच्या सुमारास निघते, टॉकीटनाला अकरा-सव्वाअकराला, डेनाली राष्ट्रीय उद्यानाच्या स्थानकाला दुपारी चारच्या आसपास आणि फेअरबँक्सला रात्री आठला. टॉकीटनापर्यंतचा भाग ठीक आहे, त्यात उपनगरे बरीच आहेत. तिथे उतरा आणि एक मुक्काम करा. डेनाली पर्वतावर चढाईला जाणारे गिर्यारोहक याच छोट्या गावातून विमानाने हिमनदीवरच्या तळावर जातात. तुम्हालाही पर्वताजवळून फिरवून आणणारी छोटी विमाने मिळतात, काही हिमनदीवर उतरतातही. खर्च मोठा आहे, पण सबंध सहलीत एकच चैन करायची असेल तर ही करा. पर्वत ६,१९० मीटर उंच आहे आणि ढगांत इतका लपलेला असतो की उन्हाळ्यात येणाऱ्या साधारण तिघांतल्या एकालाच दिसतो. विमान ढगांच्या वर गेले की मात्र तो नजरेआड राहत नाही. संध्याकाळची वेळ घ्या, म्हणजे हवा बिघडली तर दुसऱ्या दिवशीची सकाळ हाताशी राहील. नव्या सरकारी नकाशांवर २०२५ पासून पर्वताचे नाव पुन्हा मॅकिन्ली झाले आहे, उद्यान मात्र डेनालीच. शोधताना दोन्ही नावे वापरा.

टॉकीटनाच्या उत्तरेला दुसरा रस्ताविरहित टप्पा सुरू होतो. पार्क्स महामार्ग पश्चिमेला चुलित्ना नदीच्या खोऱ्यातून जातो, रूळ सुसित्ना नदीचा काठ धरतात. कोणे एके काळी स्यूवर्ड ते फेअरबँक्स प्रवासाला दोन दिवस लागत आणि रात्री करी नावाच्या स्थानकावरच्या रेल्वेच्या हॉटेलात मुक्काम असे. १९५७ मध्ये ते हॉटेल जळाले. आज तिथून जाताना झाडीच दिसते. या पट्ट्यात रुळांच्या आधाराने राहणारी माणसे आहेत, कोणाची केबिन, कोणाची मासेमारीची झोपडी. त्यांच्यासाठी हरिकेन टर्न ही गाडी धावते. उन्हाळ्यात गुरुवार ते सोमवार ती टॉकीटनाहून हरिकेनपर्यंत जाऊन संध्याकाळी परत येते. तिला ठरलेले थांबे नाहीत म्हटले तरी चालेल. रुळाशेजारी उभे राहून पांढरे फडके हलवले की गाडी थांबते. एखादा माणूस कुत्रा, करवत आणि महिन्याभराचा शिधा घेऊन चढतो, दहा मैलांवर जंगलात उतरतो आणि झाडीत दिसेनासा होतो. गाडीवरचे कर्मचारी त्याला नावाने ओळखतात, त्याच्या घरची खबरबात विचारतात. अमेरिकेत हात दाखवून थांबणाऱ्या ज्या मोजक्या गाड्या उरल्या आहेत, त्यांतली ही एक. रेल्वे माणसांच्या जगण्याचा भाग असते म्हणजे काय, हे मला या गाडीने शिकवले, म्हणून तिच्याबद्दल मी लोकांना आग्रहाने सांगते.

तरीही तुम्हाला माझा सल्ला असा: डेनालीला जाणार असाल तर हरिकेन टर्न सोडा. डेनाली स्टार याच रुळांवरून जाते आणि परतीलाही तीच वाट आहे, तिसऱ्यांदा नको. डेनालीजवळच्या राहण्याचे दर ऐकून धडकी भरली, तर मात्र उलट करा. डेनाली वगळा, टॉकीटनाला दोन रात्री राहा आणि हरिकेन टर्नने जाऊन या. बरोबर खाण्याचा डबा घ्या. सासू-सासऱ्यांना ते कदाचित जास्त भावेल.

डेनालीला जायचे ठरवलेत तर या टप्प्यावर डावीकडची जागा घ्या, पर्वत त्या बाजूला येतो. हरिकेन घळीवरचा पूल १९२१ मधला, २८० मीटर लांब आणि ओढ्यापासून ९० मीटर उंच. तिथे गाडी मुद्दाम हळू चालवतात. पुढे ब्रॉड पास. सुमारे ७२० मीटर उंचीवरच झाडे विरळ होतात आणि दोन्ही बाजूंना उघडे पठार पसरते. त्या मोकळ्या विस्तारात मूस आणि कॅरिबू ही मोठी हरणे दिसण्याची आशा असते.

उद्यानाच्या रस्त्यावर खासगी मोटार पहिल्या १५ मैलांपर्यंतच नेता येते. पुढे उद्यानाच्या बस. हा रस्ता ९२ मैलांचा आहे, पण प्रिटी रॉक्स इथल्या दरडीमुळे ऑगस्ट २०२१ मध्ये तो ४३ व्या मैलापलीकडे बंद झाला आणि दरड ओलांडायला पूल बांधायला घेतला. बस कुठवर जातात हे तिकिटाआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहा. ४३ मैलांपर्यंतची फेरीही चार-पाच तासांची होते आणि तुमच्या मंडळींना तेवढी पुरे. अस्वले, रानमेंढरे, कॅरिबू याच पट्ट्यात पाहायला मिळतात. बस शाळेच्या बससारख्या असतात, पायऱ्या उंच आणि पाय ठेवायला जागा कमी. सासऱ्यांसाठी पुढची जागा मिळवायला वीस मिनिटे आधी जा. पायी फिरताना अस्वलापासून किमान २७५ मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे, मुलीला तो आधीच समजावून सांगा.

डेनालीहून पुढे फेअरबँक्सपर्यंत नेनाना नदीची घळ तासभर छान आहे, मग सपाट मैदान. नेनाना गावात तानाना नदीवरचा मोठा लोखंडी पूल आहे, आणि नदीचा बर्फ वसंतात नेमका कोणत्या मिनिटाला फुटणार यावर पैजा लावण्याची १९१७ पासूनची प्रथा आहे. ती रेल्वेच्याच माणसांनी सुरू केली. एवढ्यासाठी चार तास बसायची गरज नाही. नवव्या दिवशी दुपारी साडेबाराच्या आसपासच्या गाडीने डेनालीहून परत फिरा, रात्री आठला अँकरेज. त्या रात्रीचे विमान ठेवू नका, गाडी तासभर उशिरा येणे इथे नवल नाही. दहाव्या दिवशी सकाळी सिएटल.

गोल्डस्टारबद्दल. त्यात वर काचेचे छत, बाहेर उभे राहायला वरच्या मजल्यावर उघडा सज्जा, खालच्या मजल्यावर जेवण आणि त्याचे पैसे तिकिटातच. भाडे साध्या ॲडव्हेंचर वर्गाच्या साधारण दुप्पट. साध्या वर्गाच्या खिडक्याही मोठ्या असतात आणि सर्वांसाठी काचेच्या छताचा एक डबा असतो, तिथे आळीपाळीने बसतात. मी स्यूवर्डच्या दोन्ही फेऱ्यांना साधा वर्ग घेईन आणि टॉकीटना ते डेनाली या एकाच टप्प्याला गोल्डस्टार. उघड्या सज्जाचे मोल तिथे कळते. वर जायला जिना आहे, तेव्हा आरक्षण करतानाच फोन करून गुडघ्याचे सांगा आणि लिफ्टची सोय विचारा. गाडीच्या शेपटीला क्रूझ कंपन्यांचे वेगळे डबेही जोडलेले असतात, तिकीट काढताना त्यांच्यात घोटाळा करू नका. फोटोंसाठी गडद रंगाचा सदरा घाला, काचेत प्रतिबिंब कमी पडते.

महिना. मेच्या अखेरीपासून जूनअखेरपर्यंत पाऊस कमी असतो आणि शिखरांवर बर्फ टिकून असते. जुलैत फायरवीडची गुलाबी-जांभळी फुले रुळांच्या दोन्ही बाजूंना फुलतात, सॅमन नद्यांत चढतात, आणि आतल्या भागात डासही खूप. ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर पाऊस वाढतो. शाळेची सुट्टी पाहता तुम्हाला जूनचा शेवटचा आठवडा उत्तम. ४ जुलैच्या आसपास स्यूवर्ड टाळा. त्या दिवशी माउंट मॅरेथॉनची डोंगर-शर्यत असते आणि छोट्या गावात पाय ठेवायला जागा नसते.

खाण्याचे. अँकरेजला भारतीय जेवण मिळते. स्यूवर्ड, टॉकीटनात पिझ्झा, सूप, बेकरीचे पदार्थ यांवर सासूबाईंचे निभेल, पण सूपमध्ये मांसाचा रस्सा आहे का हे दर वेळी विचारावे लागते. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, छोटा कुकर न्या. गाडीत दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचे लोणचे यांना तोड नाही. उरलेले अन्न खोलीबाहेर किंवा मोटारीत ठेवू नका, अस्वले वासावर येतात. तुम्ही मासे खात असाल तर स्यूवर्डचा ताजा हॅलिबट चुकवू नका. छत्री वाऱ्यापुढे निरुपयोगी, प्रत्येकाला पावसाचे जाकीट आणि बोटीसाठी लोकरीची टोपी हवी. झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी सासऱ्यांसाठी नक्की न्या, रात्र अशी होतच नाही.

आरक्षणाचा क्रम: आधी डेनालीजवळचे राहणे, कारण तेच सर्वांत लवकर संपते. उद्यानाच्या बसची तिकिटे १ डिसेंबरपासून मिळू लागतात. मग रेल्वे, मग स्यूवर्डची बोट, शेवटी विमानाची फेरी. हरिकेन टर्नचा पर्याय हाताशी हवा असेल, तर टॉकीटनाला पोचण्याचा वार गुरुवार ते रविवार यांत बसवा आणि बाकीच्या तारखा त्यावरून मागे-पुढे मोजा. तारखा ठरल्या की मला कळवा, भरतीच्या वेळा पाहून स्यूवर्डला नेमक्या कोणत्या दिवशी जावे ते सांगते.